हिच ब्रॅकेटवर रोबोटचा वेल्ड पुन्हा पुन्हा सांधा सोडतो: पॉइंट हलवण्याआधी काय तपासायचं

सोमवारी बीड (वेल्डच्या धातूची ओळ) बरोबर सांध्यात बसलेला असतो. बुधवारी दुपारी तोच बीड उभ्या प्लेटवर एक-दीड मिलिमीटर चढलेला दिसतो. ऑपरेटर टीच पेंडंट (रोबोटला पॉइंट शिकवायचं हातातलं पॅनेल) घेतो, दोन पॉइंट खाली ओढतो, जॉब सुधारतो. शनिवारी बीड खालच्या प्लेटवर उतरलेला. पुन्हा टचअप. महिन्याभरानं मूळ प्रोग्राम नेमका कुठे होता हे शिफ्टमधल्या कोणालाच सांगता येत नाही, आणि रिवर्कच्या टेबलावर ग्राइंडर थांबत नाही.

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात ट्रॅक्टरचे हिच (मागे ट्रॉली जोडायचा भाग), ट्रॉलीचे ड्रॉबार, पिकअपला मागे लावायचे टो-ब्रॅकेट असं काम रोबोटवर घेणाऱ्या शेडसाठी हे टिपण आहे. उदाहरणाला एक नेहमीचा जॉब धरू: आयएस २०६२ ई३५० ची १६ मिमी आडवी प्लेट, तिच्यावर १२ मिमीच्या दोन उभ्या साइड प्लेट, दोन्हींना बाहेरून ८ मिमी पायाचा फिलेट (कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड, पाय म्हणजे त्याची प्लेटवरची बाजू), आणि पुढे ईएन ८ ची फोर्ज केलेली रिंग. वायर १.२ मिमी, ईआर ७० एस-६. गॅस ८० टक्के आर्गॉन, २० टक्के कार्बन डायऑक्साइड. सहा अक्षांचा रोबोट, दोन स्टेशनचा पोझिशनर (जॉब फिरवून धरणारं टेबल).

टचअपमुळेच दुखणं परत येतं

वेल्डिंग रोबोटची पुनरावृत्ती साधारण ०.१ मिमीच्या आत असते. म्हणजे तोच पॉइंट दिला तर तो हजाराव्या वेळीही तिथेच जाणार. बीड दीड मिलिमीटर सरकला, तर रोबोट चुकला असण्याची शक्यता फार कमी. वायरचं टोक तरी जागेवर नाही, किंवा सांधा तरी जागेवर नाही.

अशा वेळी पॉइंट हलवला की आपण वाकलेला टॉर्च किंवा घासलेला डॉवेल (जॉबची जागा ठरवणारी पिन) प्रोग्राममध्ये लिहून ठेवतो. दोन दिवसांनी मेंटेनन्सवाला टिप (टॉर्चच्या टोकाची, वायर बाहेर सोडणारी तांब्याची नळी) बदलतो, किंवा कोणीतरी जॉब टेकतो त्या पॅडवरचा स्पॅटर (उडालेले धातूचे दाणे) खरवडतो. मूळ दोष गेला, पण त्याच्यासाठी केलेला टचअप प्रोग्राममध्येच राहिला. आता बीड उलट बाजूला सरकतो. नवा टचअप. हे चक्र रोबोट बदलूनही थांबणार नाही.

म्हणून पहिलं काम पॉइंटला कुलूप. पेंडंटवर एडिटसाठी पासवर्ड, आणि तो शिफ्टमागे एकाच जबाबदार माणसाकडे. दुसरं काम म्हणजे शेवटचा मंजूर झालेला बॅकअप परत लोड करणं. बॅकअप नसेल तर आजचा प्रोग्राम जसा आहे तसा जपून ठेवा आणि पुढचं सगळं तपासून झाल्यावर एकदाच, नीट, नव्यानं शिकवा. तपासणीच्या मध्ये शिकवू नका.

किती चूक चालते? शॉपमध्ये पक्का धरावा असा नियम: वायरच्या व्यासाच्या निम्मं. १.२ मिमी वायरला ०.६ मिमी. टॉर्च, वायर, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा), पोझिशनर आणि जॉब या पाचांची मिळून चूक या ०.६ मध्ये बसली पाहिजे. एकाच घटकानं ०.५ खाल्लं, तर बाकी चारांना काही उरत नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या दोषात बहुतेक वेळा एक मोठा गुन्हेगार सापडत नाही. तीन लहान चुका एका दिशेनं जमा झालेल्या असतात, आणि त्या एका दिशेला येतात त्याच दिवशी बीड सुटतो.

आधी दिशा वाचा, मग पाना उचला

सुटलेले पाच-सहा जॉब एका रांगेत ठेवा. प्रत्येकावर स्टेशन, वेळ आणि जॉबचा क्रमांक खडूनं लिहा. मग दोन्ही साइड प्लेटचे बीड जवळून बघा.

डाव्या प्लेटचा बीड खालच्या प्लेटवर उतरला आणि उजव्या प्लेटचा बीड उभ्या प्लेटवर चढला, तर अख्खा जॉब उजवीकडे सरकलेला आहे. डावी प्लेट टॉर्चपासून लांब गेली, उजवी टॉर्चच्या पुढ्यात आली. फिक्स्चर किंवा पोझिशनर बघा.

दोन्ही बीड टॉर्चच्या नजरेतून एकाच बाजूला गेले, म्हणजे दोन्ही चढले किंवा दोन्ही उतरले, तर संशय टॉर्चवर. वाकलेला नेक (टॉर्चची मान) टॉर्चबरोबर फिरतो, त्यामुळे चूकही टॉर्चबरोबर फिरते.

एकाच जॉबवर बीड सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे सुटलेला असेल, तर प्लेट तिरकी बसली आहे किंवा वेल्डच्या उष्णतेनं ओढली गेली आहे. बीड नागमोडी, कधी इकडे कधी तिकडे असेल, तर वायर आणि टिप. आणि काही जॉब उत्तम, काही वाईट, बाकी सगळं सारखं असेल, तर जॉबचे सुटे भाग.

स्टेशन 'अ' वरच दोष आणि 'ब' स्वच्छ असेल तर टॉर्चला हात लावायचं कारण नाही. टॉर्च दोन्हीकडे तोच आहे. एवढ्या एका प्रश्नानं अर्धा दिवस वाचतो, आणि तरीही तो विचारला जात नाही याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

टॉर्च, टिप, वायर

टीसीपी (वायरचं टोक जिथे आहे असं रोबोट धरतो तो बिंदू) तपासायला टेबलावर, रोबोटच्या पायाशी पक्की जोडलेली एक टोकदार पिन कायमची बसवा. टिपच्या जागी आट्यांची टोकदार गेज पिन लावा. वायरच्या टोकावर टीसीपी तपासू नका, कारण वायर स्वतःच वाकडी असते आणि मग दोन चुका एकमेकींत मिसळतात. तपासणीचा छोटा प्रोग्राम ठेवा: रोबोट पिनसमोर येऊन थांबतो, मग टोक तिथेच ठेवून टॉर्चचा कोन चार दिशांना बदलतो. टोकं ०.५ मिमीच्या आत राहिली पाहिजेत. हे टीच मोडमध्ये, २५० मिमी प्रतिसेकंदापेक्षा कमी वेगानं आणि एनेबल स्विच हातात धरूनच करायचं.

टोक सरकलेलं दिसलं तर लगेच नवा टीसीपी टाकू नका. आधी नेक बघा. क्लॅम्पला लागून टॉर्च वाकला असेल, किंवा धडक सेन्सर सुटून पुन्हा बसताना थोडा फिरला असेल. नेक जिगवर घालून सरळ करा किंवा बदला. हार्डवेअर मूळ मापात आणलं की जुना टीसीपी आणि जुने पॉइंट आपोआप बरोबर येतात. नवा टीसीपी टाकला, तर त्या टॉर्चवर चालणारे सगळे प्रोग्राम एकदम हलतात.

गेज पिन बरोबर, तरी बीड नागमोडी? मग टिप. १.२ च्या टिपचं भोक घासून लांबट होतं. जुनी टिप करवतीनं उभी कापून उजेडात धरा: तोंडाकडे एका बाजूला वायरनं कोरलेली खाच स्पष्ट दिसते, तिच्या कडेला तांब्याची बारीक लव उठलेली असते. त्या खाचेत वायर झुकते आणि १५ ते १८ मिमी बाहेर आल्यावर टोक मिलिमीटरभर बाजूला जातं. ही खाच एकदा ऑपरेटरच्या हातात दिली की टिप वेळेवर बदलायला वेगळं सांगावं लागत नाही. सुरुवात शिफ्टला एक नवी टिप अशी करा. काढलेल्या टिपा कापून बघत जा, आणि खाच नसेल तरच मुदत वाढवा. तांबं-क्रोमियम-झिर्कोनियमची टिप साध्या तांब्यापेक्षा जास्त टिकते, पण मुदत तिलाही लागतेच.

वायरची परीक्षा सोपी आहे. नवी टिप लावा, नोझल काढा, टॉर्च सरळ खाली धरून त्याखाली चौकटीचा कागद ठेवा. १५ मिमी वायर काढा, टोक कागदावर कुठे येतं ते टिंबानं मांडा, कापा, पुन्हा काढा. असं दहा वेळा. टिंबं ०.६ मिमीपेक्षा जास्त पसरली तर ड्रमपासून फीडरपर्यंतचा रस्ता बघा: कंड्युटला (वायरच्या नळीला) तीव्र वळण, लायनरमध्ये (तिच्या आतल्या अस्तरात) साचलेली तांब्याची पूड, रोलचा दाब जास्त झाल्यानं चपटी झालेली वायर, स्ट्रेटनरचे रोल सैल. लायनर दर ड्रममागे कोरड्या हवेनं फुंकून घ्यावा.

फिक्स्चर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

टोइंगचे ब्रॅकेट जाड असतात, बीड मोठा, स्पॅटर भरपूर. तो स्पॅटर जॉब जिथे टेकतो त्याच पॅडवर बसतो. एक दाणा अर्ध्या ते एक मिलिमीटरचा. ऑपरेटर जॉब ठेवतो, क्लॅम्प बसतो, वरून काही कळत नाही. प्लेट मात्र एका कोपऱ्यात उचललेली असते. दिवा मारून पॅडच्या कडेला डोळा लावलात तर प्लेटखालून उजेडाची बारीक रेघ येते. ०.२ मिमीची फीलर पट्टी आत गेली, की समजायचं जॉब टेकलेला नाही.

उपाय दोन. पॅड मोठे, सपाट ठेवू नका. लहान, कडक केलेले, कडेला उतार दिलेले ठेवा म्हणजे दाणा घरंगळतो. आणि दर दहा जॉबनंतर हवा मारून, पितळी ब्रशनं पॅड पुसायचं काम सायकलमध्येच घाला. हे काम ऑपरेटरच्या मर्जीवर सोडलं तर दुपारनंतर होत नाही.

डॉवेल मायक्रोमीटरनं मोजा, नुसत्या डोळ्यानं नको. १६ मिमीचा डॉवेल एका बाजूनं ०.३ घासलेला असतो आणि गोलच दिसतो. भोक आणि डॉवेल मिळून ०.२ मिमीपेक्षा जास्त खेळ असेल तर बदला. क्लॅम्पला ५ ते ६ बार हवा हवी. शेडमधली बाकी यंत्रं एकदम चालू झाली की लाइनचा दाब पडतो, आणि क्लॅम्प बंद दिसतो पण दाबत नाही. प्रेशर स्विच लावून त्याचा सिग्नल रोबोटच्या स्टार्टशी जोडा.

आता उष्णता. ही गोष्ट नागपूरच्या शेडमध्ये नीट समजून घ्यायला हवी. लोखंड दर अंशाला लांबीच्या १२ दशलक्षांश इतकं वाढतं. मे महिन्यात पत्र्याखाली सकाळीच ३० अंश असतं. चार तास वेल्डिंग झाल्यावर फिक्स्चरची प्लेट ७० अंशांवर जाऊ शकते. डॉवेलपासून सांधा ९०० मिमी लांब असेल, तर ९०० गुणिले ४० गुणिले ०.००००१२, म्हणजे ०.४३ मिमी सांधा सरकला. ०.६ पैकी ०.४३ एकट्या उन्हानं आणि आर्कनं खाल्लं. जानेवारीत १२ अंशांच्या सकाळी शिकवलेला प्रोग्राम मेच्या दुपारी का सुटतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. शिकवणं नेहमी गरम फिक्स्चरवर, म्हणजे किमान एक तास उत्पादन चालल्यावर करा. मुख्य डॉवेल सर्वांत महत्त्वाच्या सांध्याजवळ ठेवा, आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोक किंवा दोन बाजूंनी मुद्दाम चपटी केलेली पिन द्या, म्हणजे वाढ तिकडे निघून जाईल. फिक्स्चरची जाड प्लेट थंड पाण्यानं विझवू नका, ती वाकते.

पोझिशनरची ढिलाई तपासायला ब्रेक लागलेला असताना टोकाशी डायल लावा आणि लिव्हरनं हलकं ढकला. मध्यापासून ५०० मिमीवर ०.१ अंशाची ढिलाई म्हणजे ०.८७ मिमी. एवढ्यात संपूर्ण हिशेब उलटतो. गिअरबॉक्स किंवा लॉक पिन बघा. आणि अर्थिंग पोझिशनरच्या फिरत्या भागावरच्या ब्रशनं घ्या. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगवर खड्डे पडतात आणि ढिलाई वाढत जाते.

रोबोटला दिलेला भागच वेगळा असेल तर

सुटे भाग तीन ठिकाणाहून येतात: कापण्याहून, वाकवण्याहून, आणि दुसऱ्या शेडहून टॅक होऊन. तिन्हीकडचे नकाशे बरोबर असतात. माप मात्र वेगवेगळं येतं.

गॅसनं कापलेली कड मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडे-तिकडे असते. प्लाझ्माला कडेचा उतार येतो. त्यामुळे त्याच प्लेटची एक बाजू वर ठेवली तर गॅप बंद, उलटी ठेवली तर गॅप उघडी. प्लेट कोणत्या तोंडानं बसवायची याची खूण कापतानाच मारून घ्या. लेझरची कड मापात असते. पण ऑक्सिजननं कापली असेल तर कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. त्यावर वेल्डला पोरॉसिटी (आत अडकलेल्या वायूची बारीक भोकं) येते आणि नंतर रंगही सुटतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना २० मिमी ग्राइंड करून घ्या. जाड प्लेटवरचा काळा मिल स्केलही (रोलिंगमधला ऑक्साइडचा पापुद्रा) त्याच हातानं काढा.

वाकवलेल्या भागाचा हिशेब करून बघा. ८० मिमीच्या फ्लँजचा कोन १ अंशानं चुकला तर टोक १.४ मिमी सरकतं. ई३५० ची प्लेट एका लॉटमध्ये जास्त परत उघडते, दुसऱ्यात कमी. प्रेस ब्रेकवर सेटिंग तेच, टनेज तेच, तरी कोन वेगळा. म्हणून लॉट बदलला की पहिले तीन भाग कोनमापकावर घ्या, आणि वेल्डिंगच्या फिक्स्चरजवळ 'जातो-जात नाही' गेज ठेवा. गेजमध्ये न बसणारा भाग फिक्स्चरमध्ये हातोडीनं ठोकून बसवण्याची सवय आधी बंद करा. ठोकलेला भाग वेल्डनंतर क्लॅम्प सोडताच परत उघडतो, आणि तो ताण वेल्डच्या मुळाशी कायमचा राहतो.

गॅपचा नियम आमच्या मते असा असावा: ०.५ मिमीपर्यंत नेहमीचा प्रोग्राम, ०.५ ते १.५ पर्यंत वीव्ह (टॉर्चचं डावं-उजवं डुलणं) थोडा रुंद आणि वेग कमी असलेला वेगळा मंजूर प्रोग्राम, १.५ च्या वर जॉब परत. २ मिमी गॅप असेल तर ८ मिमीच्या पायातले २ मिमी गॅप भरण्यातच जातात. वरून मापलं तर पाय ८ दिसतो, पण काम ६ चं.

सर्च आणि ट्रॅकिंग हे रामबाण नाहीत

भागांचा फरक १ मिमीच्या खाली आणता येत नसेल तर टच सेन्सिंग घ्या. वायरवर कमी व्होल्टेज ठेवून रोबोट प्लेटला टेकतो, सांधा कुठे आहे ते काढतो आणि प्रोग्राम तेवढा सरकवतो. पण वायर दर वेळी त्याच लांबीची असली पाहिजे. सर्चच्या आधी वायर कटरवर कापून घ्या, आणि फीडरवर वायर लॉक ठेवा. टोकावर गोळा राहिला किंवा वायर एक मिलिमीटर आत सरकली, तर तेवढी चूक थेट वेल्डमध्ये उतरते. तेल, गंज आणि मिल स्केल विजेला अडवतात. मग रोबोट प्लेट वाकवेपर्यंत पुढे जातो, किंवा सर्च फेल दाखवतो.

सर्चच्या दुरुस्तीला मर्यादा घाला. ३ मिमीच्या वर गेलं की अलार्म आणि थांबा. मर्यादा नसेल तर उलटा ठेवलेला भागही रोबोट शांतपणे वेल्ड करून देतो.

आर्कमधून सीम ट्रॅकिंगला (आर्कच्या करंटवरून सांध्याचा माग काढायला) वीव्ह लागतो आणि ५-६ मिमीच्या वरचा फिलेट लागतो. आपल्या ८ मिमीच्या फिलेटला ते चांगलं चालतं. पण सुरुवातीच्या काही वीव्हमध्ये त्याला अजून काहीच कळलेलं नसतं. म्हणून सुरुवात सर्चनं पकडायची आणि लांबी ट्रॅकिंगनं चालवायची.

सेटिंग जुळतं का, हे हिशेबानं बघा

बीड जागेवर असूनही पाय लहान येतो तेव्हा वायर आणि वेगाचा हिशेब करा. १.२ मिमी वायरचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मिमी. मिनिटाला ९ मीटर वायर म्हणजे सुमारे १०,१८० घन मिमी धातू. ८ मिमी पायाच्या फिलेटचा त्रिकोण ३२ चौरस मिमी, वरचा फुगवटा धरून ३५. भागलं की वेग येतो मिनिटाला सुमारे २९० मिमी. सायकल टाइम वाचवायला कोणी वेग ४५० केला, तर पाय ६ च्या आसपासच येणार, करंट कितीही दाखवो. करंट २७० ते २८० अँपिअर आणि २८ ते ३० व्होल्ट इथून सुरुवात करून मॅक्रोवर (वेल्ड आडवा कापून, आम्ल लावून बघायचा नमुना) बघून ठरवा.

वेल्ड प्लेटच्या टोकाशी अचानक संपवू नका. टोइंगमध्ये भार सतत मागे-पुढे होतो, आणि तडा नेमका त्याच टोकापासून सुरू होतो. शक्य तिथे कोपऱ्याला वळसा घ्या. क्रेटर (बीडच्या शेवटी राहणारा खड्डा) भरायला अर्धा ते एक सेकंद द्या.

पोरॉसिटी फक्त एप्रिल-मेमध्ये येत असेल

शेडमधला कूलर बघा. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस काम करूच शकत नाही, ते बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. पण वाऱ्याचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या वर गेला की गॅसचं आवरण फाटतं. कूलरचं तोंड सेलच्या मागच्या दिशेला करा, सेलला तीन बाजूंनी पडदा लावा, नोझलजवळ हातात धरायच्या वाऱ्याच्या मीटरनं मोजा. गॅसचा फ्लो १५ ते २० लिटर प्रतिमिनिट ठेवा. पोरॉसिटी बघून तो ३० केला तर नोझलमध्ये भोवरा होऊन हवा आत ओढली जाते आणि पोरॉसिटी वाढते. वायरचा ड्रम कूलरच्या ओल्या हवेत उघडा ठेवू नका. नोझलवर अँटी-स्पॅटरचा फवारा जास्त झाला तरी तेच भोगावं लागतं.

रिंग ईएन ८ ची असेल तर वेगळं प्रकरण

ईएन ८ मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के. मँगॅनीज धरून कार्बन समतुल्य (वेल्डजवळ पोलाद किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा) काढला तर ०.५० च्या वर जातो. थंड रिंगवर रोबोट चालवला तर बीड सुंदर येतो, पण त्याच्या कडेला कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तडा काही तासांनी, कधी दोन दिवसांनी उघडतो. तोवर जॉब रंगात गेलेला असतो.

रिंग १५० ते २०० अंशांवर गरम करूनच फिक्स्चरमध्ये जाऊ द्या. तापमान टेंपरेचर खडूनं, सांध्यापासून ७५ मिमीवर तपासा, ज्योतीच्या रंगावरून नाही. वेल्डनंतर कूलरसमोर किंवा ओल्या फरशीवर ठेवू नका. कोरड्या राखेत, वाळूत किंवा ब्लँकेटखाली गार होऊ द्या. डाय पेनिट्रंट (तडे दाखवणाऱ्या रंगाची तपासणी) ४८ तासांनी करा. रिंग ठरलेल्या तापमानावर नसेल तर रोबोट सुरूच होणार नाही, अशी अट सेन्सरनं घालता येते. ती घालाच.

बीड देखणा आहे म्हणून मानू नका

दीड मिलिमीटर सरकलेला बीड ग्राइंडर आणि रंगानंतर छान दिसतो. त्याच जागी आडवा कापून बघा. कड १२० पासून ४०० नंबरच्या एमरीपर्यंत घासा, ५ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) कापसानं लावा. अर्ध्या मिनिटात वेल्डचा राखाडी आकार उमटतो. चांगल्या वेल्डमध्ये तो आकार दोन प्लेटच्या कोपऱ्याच्या पलीकडे, आत शिरलेला असतो. सरकलेल्या वेल्डमध्ये कोपरा काळ्या रेघेसारखा तसाच उरलेला दिसतो. वर ८ मिमीचा बीड, खाली न जुळलेली फट. नायटल लागेल तेवढाच बनवा, आम्ल अल्कोहोलमध्ये हळूहळू घाला, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नका.

शिफ्टला किमान एक मॅक्रो, आणि टिप, टॉर्च, वायरचा लॉट किंवा प्लेटचा लॉट बदलला की आणखी एक. एका जॉबची किंमत जाते, हे खरं. पण हा भाग रस्त्यावर दुसरं वाहन ओढणार आहे. २.८ टनांच्या पिकअपमागे २.५ टनांचा ट्रेलर असेल, तर युरोपीय नियम ५५ च्या सूत्रानं डी-मूल्य (कपलिंगवरच्या ओढीच्या भाराचं माप) सुमारे १३ किलोन्यूटन येतं, आणि त्या नियमात कपलिंगच्या भागांना २० लाख भार-चक्रांची चाचणी आहे. मुळाशी फट असलेला वेल्ड एका ओढीत तुटत नाही. तो खड्ड्याखड्ड्यानं, महिन्यामहिन्यानं उघडतो, आणि तुटतो तेव्हा मागे ट्रॉली कापसानं भरलेली असते, तिच्यामागे दुचाकीवर कोणाचं तरी घर असतं.

दोष सापडल्यावर आधीच्या जॉबचं काय

शेवटचा चांगला मॅक्रो कोणत्या वेळेचा, ते बघा. तेव्हापासून आतापर्यंतचे सगळे जॉब, रंगलेले असोत की पॅक झालेले, बाजूला काढा. त्यासाठी प्रत्येक ब्रॅकेटवर तारीख, शिफ्ट आणि स्टेशनचा पंच असायलाच हवा. नसेल तर आजच सुरू करा. त्यातले बाहेरून सगळ्यात जास्त सरकलेले तीन कापा. तिघांचंही मूळ जुळलेलं असेल, तर उरलेल्यांची शंभर टक्के गेज तपासणी करून सोडता येतील. एकाचंही मूळ सुटलं असेल तर साइड प्लेटचा वेल्ड मुळापर्यंत गाउज करून (खोदून काढून), डाय पेनिट्रंटनं स्वच्छ असल्याची खात्री करून, मंजूर पद्धतीनं पुन्हा भरा. वरून नुसता दुसरा बीड मारू नका, खालची फट तशीच राहते. रिंगचा वेल्ड सुटला असेल तर तो जॉब दुरुस्त करू नका, करवतीनं दोन तुकडे करून भंगारात टाका. गाडीवर चढलेल्या मालाबद्दल ग्राहकाला त्याच दिवशी, पंचच्या क्रमांकांसह लेखी कळवा.